बोकड नेमका कितव्या महिन्यात विकायचा?

वाचकांचे प्रश्न : शेळीपालन

या वेळी बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत, की जनावर कधी विकलं म्हणजे मटण पण चांगलं पडेल आणि आपल्या हातात पण दोन पैसे राहतील. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज हाच विषय नीट बोलून घेऊ.

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. माझ्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यातले २० बोकड आता ५ महिन्याचे झालेत, वजन १४-१५ किलो भरतंय. व्यापारी उक्ता, म्हणजे वजन न करता नजरेनंच, भाव करून सगळा लॉट उचलतो म्हणतोय, घरचे म्हणतात देऊन टाक, मित्र म्हणतो बकरी ईदपर्यंत थांब डबल पैसे होतील. डोकं चालेना झालंय, काय करू? (वाचक, सांगोला)

उत्तर : दादा, आधी एक सांगतो, ५ महिन्याला सगळा लॉट देऊ नका. आणि सगळाच्या सगळा ईदपर्यंत पण ठेवू नका. दोन्हीत नुकसान आहे, कसं ते बघा.

करडू वाढतं तेव्हा सगळं एकदम वाढत नाही. आधी हाड वाढतं, मग मांस भरतं, आणि चरबी सगळ्यात शेवटी धरते. तुमचे बोकड आत्ता हाडाची वाढ बऱ्यापैकी उरकून मांस भरायच्या टप्प्यावर आलेत, म्हणजे ज्या किलोला सगळ्यात कमी खर्च येतो ते किलो अजून पुढं आहेत, आणि नेमके तेच तुम्ही व्यापाऱ्याला देऊन टाकताय. तो काय करणार, घरी नेऊन ३ महिने सांभाळणार आणि विकणार.

आता हिशोब मांडू. आकडे समजायला घेतोय, तुमचे तुम्ही टाका. शेळी रोज आपल्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के सुका चारा-खुराक खाते, आपण साडेतीन धरू. सुका म्हणजे पाण्याचा अंश वजा करून, कारण हिरव्या घासात तीन चतुर्थांशपेक्षा जास्त पाणीच असतं. तर १५ किलोचा बोकड दिवसाला सव्वापाचशे ग्रॅम खाईल. चांगला सांभाळला तर या वयात समजा ८० ग्रॅम रोज वाढतो. म्हणजे १ किलो वजन वाढवायला साडेसहा किलो खाद्य लागलं. मका भरडा, पेंड, तुरीचं भुसकट, घास असं सगळं मिळून किलोला १४ रुपये पडले असं धरा, तर एका किलोच्या वाढीला ९० च्या आसपास रुपये गेले. जिवंत वजनाला भाव समजा ३५० मिळाला तर या किलोमागं मजुरी, औषध वजा जाऊनही भरपूर उरतं.

तोच बोकड २८ किलोचा झाला की रोज जवळपास १ किलो खातो, आणि वाढ येते ४० ग्रॅमवर. आता १ किलो वाढीला २५ किलो खाद्य, म्हणजे ३५० रुपये. आला का भाव आणि खर्च एका रेषेत? वर तुमची मेहनत, लस, जंताचं औषध, आणि मधे एखादा बोकड दगावला तर तो. त्या पुढचा प्रत्येक किलो तुम्ही तोट्यात तयार करताय, फक्त तो तोटा दिसत नाही कारण घास घरचा असतो आणि घरच्या घासाचे पैसे आपण धरतच नाही.

त्यामुळं वयाची एकच एक तारीख मी देत नाही. एक लटकता वजनकाटा घ्या, डिजिटल असेल तर उत्तम, आणि दर १५ दिवसांनी सकाळी चारा टाकायच्या आधी वजन करून वहीत लिहा. ज्या बोकडाची वाढ मंदावली, म्हणजे पुढच्या किलोचा खर्च भावाजवळ आला, तो विकायला झाला. अर्धबंदिस्त पद्धतीत, म्हणजे थोडी चराई आणि थोडं गोठ्यात चारणं, खुराक बेताचा असेल तर उस्मानाबादी बोकडाचा हा टप्पा साधारण ८ ते १० महिन्यात येतो, वजन २२ ते २५ किलोच्या दरम्यान. नुसत्या चराईवरच्या कळपात वाढ हळू असते, पण खर्चही कमी असतो, तिथं १२ महिन्यापर्यंत थांबलं तरी परवडतं.

आणि २० बोकडांचे तीन भाग करा. उंचपुरे, लांब कानाचे, रंगाने उठून दिसणारे ४-५ ईदसाठी ठेवा, त्यांना वजनावर नाही तर दिसण्यावर पैसे मिळतात. मधले ८-९ महिन्याला काट्यावर विका. आणि जे मागं राहिलेत, पोट मोठं आणि पाठ खाली, त्यांना आधी जंताचं औषध देऊन महिनाभर बघा, नाही सुधारले तर पहिले तेच काढा. उक्तं मात्र देऊ नका हो. व्यापाऱ्याचा डोळा रोज शंभर जनावरं बघून तयार झालेला असतो, आपला नसतो, नगामागं दीड-दोन किलो तो सहज खातो.

प्रश्न : आमचं मटणाचं दुकान आहे, तिसरी पिढी. गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारतं कोवळं आहे का. पण अगदी लहान पिल्लू कापलं की मला काही उरत नाही, हाडच निघतं. मोठा कापला तर बायका दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात शिजलंच नाही. तर नेमकं कुठल्या वयाचं जनावर घ्यावं आणि हे असं का होतं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्या गावात तांबडा-पांढरा रस्सा रोजच्या जेवणात असतो तिथून हा प्रश्न यावा याचं मला फार बरं वाटलं, कारण शेतकऱ्याला भाव देणारा शेवटी तुमच्यासारखा दुकानदारच असतो.

मांसाच्या धाग्यांभोवती एक चिवट जाळी असते, कोलॅजन म्हणतात. कोवळ्या जनावरात ती शिजताना विरघळते आणि रस्सा दाट होतो, नळी चोखताना ओठ चिकटतात ना, ते तेच. जनावराचं वय वाढतं तसे या जाळीचे धागे एकमेकांना पक्के बांधले जातात, मग साध्या उकळीनं ते सुटत नाहीत, कुकरच्या चार शिट्ट्या वाढवल्या तरी खांदा-मान चिवट राहते. रंग पण वयाबरोबर गडद होतो, पिल्लाचं गुलाबीसर, दोन वर्षाच्याचं लालभडक. चवही वाढते बरं का, अगदी कोवळ्या मटणाला वास-चव कमीच असते. म्हणून माझं मत विचाराल तर ८ ते १२ महिन्याचं जनावर रश्श्याला सगळ्यात सरस. त्याच्या आधी हाड जास्त, आणि दीड-दोन वर्षाच्या पुढं गेलं की ते खिम्याला आणि मंद आचेवर शिजवायला.

आता तुमचा गल्ल्याचा हिशोब. १५ किलोच्या पिल्लाचा उतारा, म्हणजे जिवंत वजनातून निघणारं मटण, साधारण ४३ टक्के धरा, साडेसहा किलोला जरा कमी मटण पडतं. २४ किलोच्या बोकडाचा ४७ टक्के धरला तर सव्वाअकरा किलो. मटण ७५० रुपयानं गेलं तर पहिल्याचे ४,८०० च्या आसपास आणि दुसऱ्याचे ८,४५० च्या आसपास झाले. म्हणजे जिवंत वजनाच्या एका किलोमागं पहिल्याला ३२० आणि दुसऱ्याला ३५२. मुंडी, पाय, वजडी, कलेजी दोन्हीकडं वेगळी. हे ३० रुपये फक्त वयाचे आणि भरलेल्या अंगाचे आहेत, आणि हे तुम्ही शेतकऱ्याला उघड सांगावं असं मला मनापासून वाटतं, कारण २४ किलोच्याला किलोमागं १५ रुपये जास्त दिले तर तुमचेही १५ उरतात आणि तो पुढच्या वेळी पिल्लं बाजारात आणत नाही, भरलेलं जनावर आणतो.

पण २४ वरून ३५ किलोवर गेलं म्हणजे उतारा तसाच चढत जाईल असं नाही. शेळीची चरबी मेंढीसारखी कातडीखाली किंवा मांसात फार धरत नाही, ती आतड्यावर आणि गुर्द्याभोवती साठते. जास्त खुराकावर लठ्ठ केलेला बोकड उघडला की आत पांढरंशुभ्र दिसतं, ते सगळं शेतकऱ्याच्या मक्याचे पैसे असतात आणि गिऱ्हाईक म्हणतं चरबी काढून द्या.

आणि न शिजण्याचा दोष दर वेळी वयाचा नसतो. जनावर कापल्यावर काही तासांनी मांस आखडतं. आपल्याकडं सकाळी कापलेलं मटण ताबडतोब घरी जाऊन शिजलं तर मऊ होतं, पण नेमकं आखडलेल्या वेळेत भांड्यात गेलं तर कोवळं असूनही चिवट लागतं, आणि तेच मटण फ्रिजमधे एक दिवस ठेवलं तर परत मऊ पडतं. रविवारी दुपारी नेलेल्या मटणाच्या तक्रारी जास्त येतात का बघा एकदा. दुसरं म्हणजे बाजारातून टेम्पोत कोंबून आणलेलं, भांबावलेलं, मारामारी करून दमलेलं जनावर लगेच कापू नका. अंगातली साखर संपलेली असते, मांसात आम्ल तयार होत नाही, मग ते काळपट, चिकट पडतं आणि लवकर खराब होतं. १२ तास विश्रांती, चारा बंद, पाणी मात्र पुढ्यात. हे जनावरासाठीही नीट आणि मटणासाठीही.

प्रश्न : आम्ही गटाच्या बायकांनी मिळून शेळ्या घेतल्यात. बोकड खच्ची करावे का नाही यावर दर बैठकीत वाद होतो. काही म्हणतात खच्ची केला की वजन वाढतं, काही म्हणतात ईदला चालत नाही. (वाचक भगिनी, आष्टी, जि. बीड)

उत्तर : ताई, तुम्ही ८-९ महिन्याच्या आत विकणार असाल तर खच्ची करायची गरज नाही, उलट अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, बोकड थोडा जोरात वाढतो आणि चरबी कमी धरतो. पण ६-७ महिन्यापासून तो वयात येतो, शेळ्यांच्या मागं लागतो, खाणं सोडतो, आणि वास सुरू होतो. हा वास मटणात उतरतो, वय वाढेल तसा जास्त. म्हणून वर्षाच्या पुढं ठेवायचा असेल तर खच्ची केलेला बरा. मटण मवाळ राहतं, कळपात भांडणं होत नाहीत, आणि नात्यातल्या नात्यात पैदास व्हायचा धोकाही टळतो.

ईदला खच्ची बोकड चालतो, त्याला धर्माची आडकाठी नाही. चालत नाही तो लंगडा, आंधळा किंवा एका डोळ्यानं अधू, आजारी, नाहीतर हाडं निघालेला. जत्रेच्या नवसाला मात्र काही गावात अंडीलच लागतो, ते तुमच्या भागातल्या लोकांना विचारून ठरवा.

कधी करायचं, तर ३ महिन्याच्या पुढं, डॉक्टरकडून, चिमट्यानं. फार लहानपणी केलं तर मूत्रनळी बारीक राहते आणि पुढं खुराकावर मुतखडा अडकतो. लक्षण लक्षात ठेवा, बोकड कुंथतो, शेपटी हलवत उभा राहतो, थेंब थेंब लघवी होते नाहीतर होतच नाही. उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. टाळायला गव्हाचा कोंडा आणि धान्य बेतात, मिनरल मिक्सचर चालू, खडामीठ चाटायला टांगलेलं, आणि पाणी दिवसभर स्वच्छ. थंडीत बोकड पाणी कमी पितात तेव्हा जास्त जपा.

प्रश्न : ईदसाठी "दोन दाती" पाहिजे म्हणतात ते वय नक्की किती? आणि दर वर्षी तारीख बदलते मग तयारी कशी करायची? (वाचक, राहुरी)

उत्तर : शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात, ८ असतात. सुरुवातीला सगळे दुधाचे, बारीक. मधली जोडी पडून मोठे दोन येतात ते साधारण १२ ते १८ महिन्याच्या दरम्यान, मग वर्षा-सहा महिन्याच्या अंतरानं पुढच्या जोड्या. कुर्बानीला बोकड एक वर्ष पूर्ण झालेला लागतो, आणि वयाचा पुरावा म्हणून गिऱ्हाईक दात बघतं. तुमचा बोकड १३ महिन्याचा असून दात पडले नसतील तर तुम्ही कितीही सांगा, समोरचा विश्वास ठेवत नाही. म्हणून १५-१६ महिन्याचा होईल असंच गणित धरा.

तारीख दर वर्षी १०-११ दिवस मागं येते. २०२५ ला ७ जूनला होती, २०२८ ला मेच्या पहिल्या आठवड्यात येईल, एखादा दिवस चंद्रावर पुढंमागं. मे २०२८ ला १५-१६ महिन्याचा पाहिजे म्हणजे जन्म जानेवारी २०२७ च्या सुमारास, आणि शेळी ५ महिने गाभण असते, तर ती ऑगस्ट २०२६ मधे फळली पाहिजे. पावसाळ्यात हिरवा पाला भरपूर असतो तेव्हा शेळ्या माजावर चांगल्या येतात, त्यामुळं हे जमून येतं.

पण ज्याच्याकडं घरचा चारा नाही, सगळा विकत घ्यावा लागतो, त्यानं ईदच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला आखाड बरा. आषाढात श्रावणाच्या तोंडावर गावोगाव मटणाला मागणी असते, धुळवडीला असते, चैत्र-वैशाखात जत्रा असतात. आखाडात ८-९ महिन्याचा बोकड विकायचा म्हणजे करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरला जन्मायला हवीत, शेळ्या मे-जूनला फळायला हव्यात. त्यासाठी उन्हाळ्यात महिनाभर आधी शेळ्यांना मूठ-दोन मूठ खुराक वाढवा, नाहीतर अंगात काही नसलेली शेळी माजावर येत नाही. आणि श्रावण लागला की भाव उतरतो हे ठाऊक असून आठ दिवस जास्त भावासाठी थांबू नका.

प्रश्न : माझा भाचा आयर्लंडमधे शेतीचं शिकतोय. तो सांगतो तिकडं गुरं पण वयावर भाव ठरवून कापतात, दाखल्यावर तारीख असते. तिकडचं गणित आपल्याला उपयोगी आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : गणित तेच, चारा वेगळा. आपल्याकडं गोवंश हत्याबंदी आहे, १९७६ च्या कायद्यात गाय होती आणि २०१५ पासून बैल-वळूही आले, त्यामुळं आपल्यासाठी हा हिशोब शेळी, मेंढी आणि फार तर म्हशीच्या रेड्याचा आहे.

भाचा सांगतो ते बरोबर आहे. आयर्लंडमधे गवत फुकट म्हणावं इतकं स्वस्त, त्यामुळं तिथला गोऱ्हा दोन उन्हाळे गवतावर काढून दोन-सव्वादोन वर्षानं विकला जातो. ३० महिन्याच्या आत असेल तर किलोमागं जादा पैसे मिळतात. हा ३० चा आकडा चवीतून नाही, भीतीतून आलाय. मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या आजाराच्या वेळी १९९६ ला ब्रिटननं ३० महिन्यावरच्या गुरांचं मांस खाण्यात येऊ द्यायचं बंद केलं, ते २००५ पर्यंत चाललं, आणि बाजाराला तो आकडा चिकटला तो चिकटलाच. आता तिथं नवीन कारण आलंय, हवामानाचं. जनावर जितके दिवस जगतं तितका मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, सोडतं, म्हणून सरासरी २६ महिन्याचं कापायचं वय २२-२३ वर आणायचं त्यांच्या सरकारनं ठरवलंय. गंमत बघा, यात शेतकऱ्याचं पण वाचतं, कारण शेवटचा हिवाळा गोठ्यात बांधून खुराक घालावा लागतो आणि सगळ्यात महागडे किलो तेच असतात. तुमच्या-आमच्या २८ किलोच्या बोकडाची तीच कहाणी.

जपानात उलटं. वाग्यू नावाच्या तिथल्या गुरांना २८-३० महिने सांभाळतात, कारण तिथल्या गिऱ्हाईकाला मांसात विणलेली चरबी पाहिजे, ती शेवटीच धरते, आणि तिला प्रतवारी करून दाम मिळतो. खर्च वाढला पण त्या खर्चाला वेगळा भाव आहे. ऑस्ट्रेलियात तर कत्तलखान्यात मणक्याची कूर्चा किती हाड झाली ते बघून प्रत लावतात, जन्मतारीख विचारतच नाहीत, कारण उपासमारीत वाढलेलं जनावर वयानं लहान असलं तरी हाडानं म्हातारं असतं. दुष्काळी भागातल्या आपल्या करडांचं हेच होतं. ३ ते ६ महिन्यात उपाशी राहिलेलं करडू नंतर कितीही चारलं तरी तसं मटण देत नाही.

भाच्याकडून एक गोष्ट मात्र नक्की शिका, कानातला बिल्ला आणि जन्माची नोंद. आपल्याकडंही बिल्ले मारतात, पण वही कोण ठेवतं?

प्रश्न : बाजाराच्या आदल्या रात्री मीठ-बेसनाचं पाणी पाजलं की दोन किलो वजन वाढतं म्हणतात. करावं का? (वाचक, लोणंद)

उत्तर : नाही. ते पाणी पोटात असतं, मांसात नाही, आणि काट्यावर घेणारा व्यापारी पोट बघूनच वजनात कट लावतो. सवय नसताना एकदम पीठ-धान्य गेलं तर पोट आंबतं, जनावर टेम्पोतच फुगून मरतं. त्यापेक्षा विकायच्या आधीचे ४५-६० दिवस मका भरडा आणि पेंड ५० ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू २५०-३०० ग्रॅमपर्यंत न्या, पाठीवर हात फिरवला की मणका टोचणार नाही इतकं अंग भरतं. त्याच्या आधी आंत्रविषाराची लस झालेली पाहिजे, खुराकावरच्या बोकडात तो आजार एका रात्रीत जीव घेतो. आणि विकायच्या तोंडावर अँटिबायोटिक किंवा जंताचं औषध दिलं असेल तर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढे दिवस जाऊ द्या. ते मटण कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाणार आहे.

प्रश्न : म्हाताऱ्या शेळ्या कधी काढाव्यात? जीव लागलेला असतो, पण करडं नीट होईनात. (वाचक, नेर, जि. यवतमाळ)

उत्तर : ६-७ वर्षाच्या पुढं दात झिजतात, कडबा चावता येत नाही, दूध आटतं आणि करडं उपाशी राहतात, म्हणजे पुढचे बोकड पण हलके निघतात. लागोपाठ दोनदा उलटली, म्हणजे बोकड दाखवूनही गाभण राहिली नाही, सड गेला किंवा दात गेले की काढायचं ठरवा. जीव लागतो हे खरं आहे, त्यात कमीपणा काही नाही, एखादी शेवटपर्यंत ठेवावीशी वाटली तर ठेवा, फक्त तिचा खर्च धंद्याच्या वहीत धरू नका. बाकीच्यांची करडं तोडल्यावर दीड-दोन महिने मऊ घास आणि थोडा भरडा घालून अंगावर येऊ द्या, कारण वाळलेल्या शेळीला खाटीक हाडाचाच भाव करतो. आणि बाजारात न्यायच्या आधी ती गाभण तर नाही ना एवढं डॉक्टरकडून तपासून घ्या, कळपात बोकड मोकळा असेल तर हे हमखास होतं.